हर्राशी आपल्याच नावाची

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. गाव, आडनाव आणि वेबसाइटचं नाव गाळून मजकूर थोडक्यात देते.

"आमची घरची हळद. सगळा माल मोंढ्यावर घालण्यापेक्षा थोडा दळून पाकिटं करावी म्हणून सहा वर्षांपूर्वी सुरुवात केली. पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानेच आमच्या आडनावापुढे 'हळद' लावून डॉट कॉम नाव घेतलं, वेबसाइट करून दिली, कधी पैसे मागितले नाहीत. मागच्या साली शेताची वाटणी झाली आणि विहिरीवरून बिनसलं. तेव्हापासून ह्यांचं आणि थोरल्या भाऊजींचं बोलणं बंद आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी लेकीला घेऊन गेले होते, हे आले नाहीत. महिन्याखाली वेबसाइट बंद पडली, उघडली की भलत्याच जाहिराती दिसतात. माझ्या भावाने शोधलं तर आमचं नाव ऑनलाइन हर्राशीत निघालं. बोली १८,००० वरून ६१,००० वर गेली आहे आणि चार दिवस उरलेत. भाऊ म्हणतो, काही झालं तरी सोडू नको, आपल्या नावावर कुणाचा तरी डोळा आहे. हे म्हणतात, पुतण्याने मुद्दाम सोडलं, आता एक रुपया घालायचा नाही. हळद दळायच्या पल्व्हरायझर यंत्रासाठी दोन लाख बाजूला काढलेत, त्यातले घालू का? कुठपर्यंत चढू? नाव आपलंच आहे तर कायद्याने परत मिळत नाही का? वर्षाला पाच लाखांचा माल जातो, त्यातला नव्वद हजारांचा वेबसाइटवरून, बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर. पत्ता आणि क्यूआर कोड छापलेली चार हजार पाकिटं घरात पडून आहेत. भाऊ असंही म्हणतो की हळदीची वीस-पंचवीस नावं आत्ताच घेऊन ठेवू, पुढे एखादी मोठी कंपनी मागेल. आणि एका ठिकाणी नावाची मुदत पुढच्या वर्षापर्यंत दिसते, मग हर्राशी कशी?"

ताई,

मुदत बघून तुम्हाला त्याच रात्री एक ओळ पाठवली होती: बोली थांबवा, पुतण्याला गाठा. ती वाचून तुम्हाला वाटलं असेल की मी प्रश्न पैशांचा विचारला आणि ही बाई घरातलं भांडण मिटवायला निघाली. तसं नाही. कारणं सगळी व्यवहाराची आहेत आणि ती इथे सविस्तर लिहिते. दुकानाची, दवाखान्याची, क्लासची वेबसाइट नात्यातल्या पोराने हौसेने करून दिली, नोंद त्याच्याच नावावर राहिली आणि पोरगं दूर गेलं, अशी घरं मराठवाड्यात गावोगाव आहेत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तुम्ही तो जाता जाता विचारलात, पण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. डॉट कॉम नाव कुणालाच कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीवर नोंदवून मिळतं, कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा. सगळ्या डॉट कॉम नावांचं मुख्य दप्तर व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, नियम आयकॅन ही संस्था ठरवते आणि तुमच्या-माझ्यापर्यंत नाव पोचवतो तो रजिस्ट्रार. मुदत संपली की मुख्य दप्तरात नाव आपोआप वर्षभर पुढे जातं आणि रजिस्ट्रारला ४५ दिवस मिळतात. जुन्या मालकाने पैसे भरले तर ठीक. नाही भरले तर रजिस्ट्रार नाव सोडून देतो आणि त्या वाढीव वर्षाचे पैसे परत घेतो. तुम्हाला दिसली ती पुढच्या वर्षाची तारीख ही अशी, दप्तरातली. ती बघून पुष्कळ लोक निर्धास्त राहतात.

याच ४५ दिवसांत, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, बरेच मोठे रजिस्ट्रार असं नाव हर्राशीला काढतात. नाव अजून सुटलेलं नसतं, तरी बोली सुरू होते. अनेकांच्या अटींत लिहिलेलं असतं की या काळात, कधी कधी हर्राशी संपल्यावरही काही दिवस, जुन्या मालकाने नूतनीकरणाचे पैसे आणि दंड भरला तर नाव त्याच्याकडे परत जातं आणि जिंकणाऱ्याचे पैसे माघारी होतात. जिंकणारे यावर चिडतात, पण अट वाचूनच त्यांनी बोली लावलेली असते. किती दिवस हे चालतं ते प्रत्येक रजिस्ट्रारचं वेगळं आहे.

आता घाई का, तेही सांगते. हर्राशीत कुणीच घेतलं नाही आणि नाव रद्द झालं, तर जुन्या मालकाला आणखी ३० दिवस मिळतात. त्या काळात जास्त दंड भरून फक्त तोच ते सोडवू शकतो. मग पाच दिवस नाव अडकून राहतं आणि त्यानंतर कुणालाही मोकळं होतं. पण हर्राशीत गिऱ्हाईक मिळालं की हे ३० दिवस येतच नाहीत. नाव रद्द न होता सरळ नव्या माणसाच्या खात्यावर चढतं. तुमच्या नावाला ६१,००० चं गिऱ्हाईक मिळालेलं आहे.

थोडक्यात, हर्राशी सुरू झाली म्हणजे नाव गेलं हे तुम्ही धरून चाललात ते बरोबर नाही. आजच्या घडीला ते नाव सगळ्यात स्वस्तात एकाच माणसाला मिळू शकतं आणि तो माणूस तुमचा पुतण्या आहे.

एक खात्री आधी करून घ्या. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की रजिस्ट्रार कोण आणि पहिली नोंद कधीची ते दिसतं. मालकाचं नाव दिसणार नाही, २०१८ पासून ते बहुतेक झाकलेलंच असतं. नोंद सहा वर्षांपूर्वीची असेल, रजिस्ट्रार पुतण्याने घेतला तोच असेल आणि हर्राशीच्या पानावर 'मुदत संपलेलं नाव' असा प्रकार लिहिलेला असेल, तर वर सांगितलेला रस्ता बहुधा उघडा आहे. नाव एव्हाना तिसऱ्याच माणसाने घेऊन तो ते पुन्हा विकायला बसला असेल, तर पुतण्याच्या हातातही काही उरलेलं नाही. महिनाच झालाय म्हणता, त्यावरून तसं वाटत नाही.

'नाव आपलंच' या शब्दांवर मी जरा थांबले. आडनाव तुमचं, हळद तुमची, गिऱ्हाईक तुम्ही जोडलेलं. पण नोंद पुतण्याच्या खात्यावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर. रजिस्ट्रारच्या वहीत तुम्ही कुठेच नाही, तुम्ही फोन केला तर ते तुमच्याशी बोलणारही नाहीत. तो पैसे मागत नव्हता, तुम्ही विचारत नव्हता. माया होती म्हणून कागद झाला नाही. यात कुणी कुणाला फसवलं नाही, पण आता त्याचा परिणाम समोर आहे.

आणि त्याने 'मुद्दाम सोडलं' हे तुमच्या घरात ठरूनच गेलेलं दिसतं. असेलही. पण मुदत संपण्याच्या महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत अशा ज्या सूचना नियमाने पाठवाव्या लागतात, त्या जातात खात्यावर नोंदलेल्या ईमेलवर. नोकरीला नवीन लागलेल्या पोराने तेव्हा कंपनीचाच ईमेल दिला असेल आणि पुढे कंपनी बदलली असेल. कार्ड बदललं असेल. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप कापले जाणारे पैसे ग्राहकाने रीतसर मंजुरी दिल्याशिवाय जात नाहीत. 'ऑटो रिन्यू चालू आहे' या भरवशावर राहिलेल्यांची यात पंचाईत झाली. आणि समजा, सूचना त्याने वाचली. ज्या काकांशी वडिलांचं बोलणं नाही, त्यांच्या वेबसाइटचे पैसे आपण भरायचे का, हा प्रश्न त्यालाही पडला असेल. विचारणार कुणाला? सहा वर्षं त्याने स्वतःच्या खिशातून भरले, हेही त्याच्या खात्यावर जमा धरा.

आता तुम्ही ओघात लिहून गेलात ते वाक्य: महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी लेकीला घेऊन गेले होते. म्हणजे बोलणं दोन भावांचं बंद आहे. तुमचं आणि जाऊबाईंचं नाही. त्यांना फोन करा, पुतण्याचा चालू नंबर घ्या आणि त्याला स्वतः लावा. घरात सांगून करा, पण ह्यांना बोलायला लावू नका. विहिरीचा विषय काढू नका, 'तू असं काहून केलंस' हे तर मुळीच नको. म्हणायचं एवढंच: "बाळा, हळदीच्या वेबसाइटचं नाव हर्राशीत निघालंय. तुझ्या खात्यावरून ते अजून परत घेता येतं म्हणे. लागतील ते पैसे मी आत्ता पाठवते, तू आजच एकदा खातं उघडून बघ." मागच्या सहा वर्षांत त्याने भरलेले पैसेही विचारा. बहुतेक घेणार नाही. तरी विचारा.

त्याने खात्यात शिरून 'रिन्यू' किंवा 'रिस्टोअर' असं बटण आहे का ते बघायचं. नसेल तर रजिस्ट्रारच्या ग्राहक सेवेला सरळ फोन लावायचा. दंडासकट रक्कम सहसा काही हजारांत असते. पासवर्ड विसरला असेल किंवा जुना ईमेल बंद असेल तर ओळखपत्र पाठवून खातं सोडवावं लागतं आणि त्यात दिवस जातो. म्हणून फोन उद्या सकाळी नाही, आज. नाव परत आलं की त्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही स्वतःचं खातं उघडा आणि नाव त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात घ्या. एकाच रजिस्ट्रारच्या आत हे फार वेळाचं काम नाही. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं म्हटलं तर वेगळा कोड लागतो आणि मालकाचं नाव बदलल्यावर ६० दिवस हलवता न येण्याचा अडसर बहुतेक ठिकाणी येतो, तेव्हा तो नाद आत्ता नको. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा. वेबसाइटचा मजकूर आणि फोटो नावाबरोबर येत नाहीत, ते वेगळ्या जागी ठेवलेले असतात. त्यांची प्रत पुतण्याकडून मागून घ्या, पण हे पहिल्या फोनमध्ये नको.

आता तुमच्या भावाच्या 'डोळ्या'बद्दल. मोंढ्यावरची हळदीची हर्राशी तुम्ही पाहिलेली आहे. ढीग समोर असतो, कुणीही हळकुंड मोडून रंग बघतो आणि समोरचा व्यापारी कोण, तो आज का चढतोय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑनलाइन हर्राशीत समोर दिसतो तो एखादा आकडा किंवा टोपणनाव. तिथे माणूस मग स्वतःच कुणाचा तरी चेहरा बसवतो: भावकीतला, नाहीतर शेजारच्या गावातला दुसरा हळदवाला. प्रत्यक्षात अशा नावांवर चढणारे बहुतेक जण हळद कशाशी खातात हे बघतही नाहीत. त्यांना हवं असतं नावाचं वय आणि इतर वेबसाइटींवरून त्याच्याकडे येणारे दुवे. जुनं, चालतं नाव घेऊन त्यावर भलताच मजकूर चढवायचा आणि गुगलच्या शोधात वर यायचं, हा एक धंदा आहे. गुगलने मार्च २०२४ मध्ये तो आपल्या स्पॅमच्या नियमांत घातला, तरी बोल्या चालूच आहेत.

एक नाजूक प्रश्न. १८,००० पासून ६१,००० पर्यंतच्या चढीत तुमच्या भावाच्या बोल्या किती? पत्रात ते स्पष्ट नाही. या हर्राशींत आपण आपला वरचा आकडा टाकून ठेवतो आणि समोरून बोली आली की यंत्रणा आपल्या वतीने एकेक पायरी चढते. समोरच्यानेही तसंच केलेलं असेल तर रात्री दोघंही झोपलेले असताना भाव वाढतो. तुमच्या भावाने घाबरून दर दोन तासांनी थोडं थोडं वाढवलं असेल, तर 'कुणीतरी चढतंय' ते त्यालाच उत्तर देणारं यंत्र असू शकतं. त्याला रागावू नका, पण विचारा. आणि आत्ता सगळ्यात वरची बोली त्याचीच असेल तर ती सहसा मागे घेता येत नाही. जिंकून पैसे भरले नाहीत तर त्याचं खातं बंद होऊ शकतं. पुतण्याने नाव सोडवलं तर मात्र तोही सुटतो.

कुठपर्यंत चढू, याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. वेबसाइटवरून वर्षाला नव्वद हजारांचा माल जातो. दळण, पाकीट, कुरिअर जाऊन शंभरातले तीस हातात उरतात असं धरलं तर २७,००० झाले. नाव गेलं म्हणून ही सगळीच गिऱ्हाइकं जाणार नाहीत. तुमचा नंबर पाकिटावर असेलच, निम्मे तरी फोन करून मागवतील. म्हणजे वर्षभराचं खरं नुकसान तेरा-साडेतेरा हजार. चार हजार पाकिटं फेकायची नाहीत, जुन्या क्यूआरवर नवं स्टिकर चिकटवायचं. एका स्टिकरला दीड रुपया धरला तर सहा हजार. झाले साडेएकोणीस. सहा वर्षांच्या मायेचे म्हणून वर दहा हजार घाला, त्याला मी हसणार नाही. तीस हजार. बोली आज त्याच्या दुप्पट आहे. आणि ६१,००० हा तुमच्या कार्डावर पडणारा आकडा नव्हेच. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ७२,००० होतात, व्यवहार डॉलरमध्ये असेल तर बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा, आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्या वर्षाच्या नूतनीकरणाचे पैसेही त्यात धरलेले नसतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. या भावात बोली लावू नका. पल्व्हरायझर घ्या. सगळा माल वेबसाइटवरूनच जात असता, तर हाच हिशेब करून मी कदाचित 'चढा' म्हटलं असतं.

ज्या वाचकांचा हिशेब बोलीच्या बाजूने निघेल त्यांच्यासाठी सांगते. आकडा आधी कागदावर लिहा, कर धरून, आणि घरातल्या एकाला दाखवून ठेवा. तो एकदाच टाका आणि पान बंद करा. शेवटच्या क्षणी झडप घालायचा बेत फारसा चालत नाही, कारण शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की बहुतेक ठिकाणी मुदत आपोआप वाढते. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते आधी बघा, आपल्याकडे ते बँकेला सांगून चालू करावे लागतात. आणि त्या नावावर पूर्वी काय होतं ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बघून घ्या.

कायद्याचा रस्ता आहे, पण तुमच्यासाठी आज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात मानलं की इंटरनेटवरचं नाव ही धंद्याची ओळखही असते आणि त्या ओळखीचा गैरफायदा घेणाऱ्याला अडवता येतं. डॉट कॉमच्या तंट्यांसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची पद्धत आहे, डॉट इनसाठी निक्सी या संस्थेची वेगळी. यूडीआरपीत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या ट्रेडमार्कशी जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने वाईट हेतूने ते नोंदवलं आणि वापरलं. जिनिव्हाच्या विपो या संस्थेकडे एका पंचापुढच्या तक्रारीची फी १५०० डॉलर आहे, वकील निराळा. तुमचा ट्रेडमार्क नोंदलेला नाही, आडनाव शेकडो घरांचं आहे आणि हळद हा सगळ्यांचाच शब्द. नव्या मालकाने उद्या तुमच्यासारखं पाकीट काढून हळद विकायला घेतली, तर मात्र लगेच वकील गाठा. तेव्हा गोष्ट वेगळी असेल.

पुतण्या हो म्हणो की नाही, एक काम आजच करा. त्या नावाचा ईमेल तुम्ही कुठे कुठे दिला आहे ते आठवून लिहून काढा: बँक, जीएसटीचं खातं, कुरिअरवाला, फेसबुक-इन्स्टाग्राम, अन्न परवान्याचा अर्ज. नाव ज्याच्या हातात जाईल त्याला त्या पत्त्यावरची सगळी नवी पत्रं घेता येतात. 'पासवर्ड विसरलो' असं बटण दाबलं की येणारा दुवासुद्धा. सगळीकडे तुमचा साधा जीमेल घाला. विकल्या गेलेल्या पाकिटांवरचा क्यूआर तर आपल्या हातात राहिलेला नाही. उद्या कुणी तो पैसे मागणाऱ्या पानाकडे वळवू शकतो, म्हणून गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सांगून टाका की पाकिटावरच्या जुन्या पत्त्यावर सध्या पैसे भरू नयेत, ऑर्डर याच नंबरवर द्यावी. नामुष्की वाटून गप्प बसू नका. गिऱ्हाईक असं सांगणाऱ्यावर जास्त भरवसा ठेवतं.

भावाच्या वीस-पंचवीस नावांबद्दल फार लिहीत नाही. जिओहॉटस्टारची ऑक्टोबर २०२४ मधली बातमी त्याने वाचली असणार: दिल्लीच्या एका तरुणाने ते नाव आधीच नोंदवून ठेवलं आणि कंपनीकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. पुढचा भाग लोकांच्या लक्षात नाही. ते नाव नंतर दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरला विकलं गेलं हेही खरं, पण तो जगभर चालणारा, एका शब्दाचा मामला. वीस नावांचे पैसे दरसाल वीसदा भरायचे असतात, गिऱ्हाईक येवो न येवो. त्यातलं एखादं दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर बेतलेलं निघालं तर वर सांगितलेला वाईट हेतू तुम्हीच लिहून दिल्यासारखा होतो. त्याला स्वतःच्या पैशांनी हौस करायची तर करू द्या.

आणि पुतण्या सापडला नाही, किंवा नाही म्हणाला, किंवा मुदत टळली, तर? नवं नाव घ्या. आडनाव, हळद आणि पुढे डॉट इन, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर. यावेळी नोंद तुमच्या नावावर, करून देणारा कुणीही असो. देवनागरीत हवं असेल तर डॉट भारत २०१४ पासून आहे. पाकिटावर शोभून दिसतं, पण तसा ईमेल अजून सगळीकडे चालत नाही, म्हणून ते दुसरं नाव म्हणूनच घ्या. नव्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज करा. मसाले तिसाव्या वर्गात येतात आणि व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन आहे. तुमचं शेत त्या पट्ट्यात येत असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. तुमच्या पाकिटाला त्याचा उपयोग डॉट कॉमपेक्षा जास्त होईल, असं माझं मत.

जुनं नाव ज्याने घेतलं त्याचा निरोप येईल, किंवा त्याच्या वतीने बोलतो म्हणणाऱ्या कुणाचा: एवढे द्या, मिळवून देतो. आगाऊ पैसे कुणालाही देऊ नका. नावाच्या 'किमतीचा दाखला' आधी विकत घ्या म्हणणारा तर नक्कीच लुबाडणारा. खरंच सौदा करायची वेळ आली तर पैसे तिसऱ्याकडे ठेवणाऱ्या एस्क्रो सेवेतूनच द्या, नाव तुमच्या खात्यात आल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. पण घाई नको. अशी नावं घेणारे पुष्कळ जण वर्षभरात काही जमलं नाही की पैसे न भरता सोडून देतात. पुढच्या वर्षी याच सुमारास एकदा बघा, तेव्हाची बोली तुमच्या तीस हजारांच्या आत असू शकते.

स्टिकर छापायला टाकायच्या आधी नवा क्यूआर दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर उघडून बघा. पिवळ्या पाकिटावर पिवळी छपाई केली तर तो वाचला जात नाही, काळ्यातच छापा.